विचारल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही

(कळंबला पालकांच्या आणि तरुण पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसं उतरवलंय, थोडं झाडूनपुसून.)



मी कुणी पुढारी नाही. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल उचलतो. दहावी पास आहे. कविता लिहितो म्हणून मला बोलावलं, पण आज कविता म्हणायची नाही. आज एका हातावर बोलायचंय. अपंग लेकराच्या अंगावर शाळेत जो हात पडतो, त्या हातावर. मारणारा हात, ओढणारा हात, बांधणारा हात, आणि नको तिथं फिरणारा हात. या हातांचा पगार सरकारी तिजोरीतून निघतो, नाहीतर सरकारी अनुदानातून. म्हणजे आपल्याच खिशातून. काडीपेटी घेतली तरी टॅक्स भरतो आपण.

मी अपंग म्हणणार, हे आधीच सांगतो. सरकार दिव्यांग म्हणतं. २०२२ साली महाराष्ट्रानं दिव्यांगांसाठी वेगळं खातं काढलं, देशात पहिलं म्हणून टाळ्या घेतल्या. खातं निघालं ते बरंच झालं. पण नाव गोड केल्यानं मनगटावरचा वळ जात नाही.

आपल्या आज्या-पणज्याच्या काळात मास्तर आपल्याला शिवत नव्हता. मारायचं झालं तरी लांबून छडी फेकायचा, छडीसुद्धा बाटू नये म्हणून. बाबासाहेबांनी स्वतःच्या शाळेचं लिहून ठेवलंय, शिपाई नसला की पाणी नाही, कारण नळाला हात लावायची बंदी. आपल्याला कुणी हात लावत नव्हतं, ही आपली शिक्षा. या लेकरांचं बरोबर उलटं आहे. त्यांना कुणीही हात लावतं. आंधळ्या पोराला दंडाला धरून फरफटत नेतात आणि वर म्हणतात, मदत केली. पांगळ्या पोरीला पोत्यासारखी काखेत मारतात. मुक्या पोराची मान धरून तोंड फळ्याकडं वळवतात. कुणी विचारत नाही, बाळा, धरू का? आपलं अंग आपल्या मालकीचं नाही, हा अनुभव आपल्याला नवा आहे का? म्हणून हा विषय माझा आहे, तुमचा आहे. इथनं जवळ कसबे तडवळ्याला १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदार परिषदेला बाबासाहेब आले होते आणि त्यांनी गावच्या शाळेत मुक्काम केला होता. त्या जिल्ह्यात शाळेच्या भिंतीआड काय चालतं ते विचारायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आता कायदा. कायदाच नाही म्हणून हे चालतं, असं जो सांगतो तो खोटं बोलतो. ढीग आहे कायद्यांचा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. कलम १७ म्हणतं, कुठल्याही लेकराला शारीरिक शिक्षा नाही, मानसिक छळ नाही. आणि केला तर? तर त्या मास्तरवर त्याच्या सेवेच्या नियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. बास. पुढचं सगळं खात्याच्या मर्जीवर. मग २०१५ चा बालन्याय कायदा. त्याचं कलम ७५. ज्याच्या ताब्यात लेकरू दिलं त्यानंच छळलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. आणि लेकरं सांभाळणं हेच ज्या संस्थेचं काम, तिथल्या नोकरानं किंवा चालकानं केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. पोक्सो २०१२ चा. लेकराच्या अपंगपणाचा फायदा घेऊन केलेला अत्याचार त्यात जास्त गंभीर धरलाय, आणि शाळेतल्या माणसानं केलेलाही. माहीत असून पोलिसांना न कळवणं हासुद्धा गुन्हा. संस्थेचा प्रमुख गप्प बसला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद.

आणि २०१६ चा अपंग हक्क कायदा, एप्रिल २०१७ पासून लागू. त्याचं कलम ९२ नीट कान देऊन ऐका. मथळ्यातच शब्द आहे ॲट्रॉसिटी. ओळखीचा वाटला ना? अपंग माणसाला लोकांच्या नजरेसमोर मुद्दाम अपमानित केलं, त्याला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारलं, त्याचा हातपाय जायबंदी केला, तर कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. त्याच्या आधाराच्या साधनाच्या वापरात मुद्दाम अडथळा आणला तरी तेवढंच. म्हणजे शिक्षा म्हणून काठी काढून घेणं, चाकाची खुर्ची कोपऱ्यात लावून ठेवणं, कानाचं मशीन ओढून काढणं, हा मास्तरचा राग नाही, गुन्हा आहे. ठाणे अंमलदाराला १९८९ चा आपला ॲट्रॉसिटी कायदा तोंडपाठ असतो, तो लावायचा नसला तरी. हे ९२ मात्र त्याला वाचून दाखवावं लागतं. कागद खिशात ठेवत जा.

अपमानाच्या कलमातली "लोकांच्या नजरेसमोर" ही अट तुम्हाला माहीत आहे. आपल्या कायद्यात तिनं किती केसेस खाल्ल्या ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना विचारा. निवासी शाळेच्या बंद दारामागं रात्री दोन वाजता कुठले आणायचे लोक?

आणखी एक जुनी पळवाट आहे. १८६० च्या इंग्रजी दंडविधानात कलम ८९ होतं. बारा वर्षांखालचं मूल आणि वेडा माणूस, दोघांना एकाच ओळीत बसवलेलं. त्यांच्या भल्यासाठी, सद्हेतूनं, पालकानं किंवा पालकाच्या संमतीनं केलेली गोष्ट गुन्हा नाही. मास्तर लोक याच आडोशाला उभे राहायचे. पोर शाळेत घातलं म्हणजे बापानं हातही सोपवला. १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता आली, इंग्रजांचं जोखड फेकलं म्हणून भाषणं झाली. ते कलम फक्त आकडा बदलून आत आलं. आता ते २८ आहे. भल्यासाठी! या एका शब्दानं जेवढी माणसं मारली तेवढी पटकीनं मारली नसतील.

आता माझ्या धंद्याचं सांगतो. गोदीत लाकडी पेटी येते तेव्हा तिच्यावर चित्रं असतात. काचेचा पेला म्हणजे आत फुटणारं आहे. दोन बाण म्हणजे ही बाजू वर. छत्री म्हणजे भिजू देऊ नका. आणि एक हूक, त्याच्यावर फुली. हूक लावायचा नाही. अडाण्याला कळावं म्हणून चित्रं, कुठल्याही देशाच्या हमालाला कळावीत अशी. आणि पेटी फुटलीच तर तिथंच कागद होतो. कुठली पेटी, कुठल्या टोळीच्या हातात होती, किती वाजता, टॅली क्लार्कची सही. सर्व्हेयर येऊन बघतो. मुकादमाला जबाब द्यावा लागतो. परदेशी साबणाच्या पेटीला एवढी इज्जत. आपल्या लेकराचा हात सुजला तर कुठल्या वहीत लिहितात?

हात लावूच नका असं मी म्हणत नाही. म्हणणारा मूर्ख. कुणाला उचलून खुर्चीत बसवावं लागतं, कुणाला धुवावं लागतं, कुणाला घास भरवावा लागतो. हात लागतातच. पण हात लावण्याचंही शिक्षण असतं. फिट आलेल्या पोराला दाबून धरायचं नसतं, तोंडात चमचा घालायचा नसतो, नाकाला चप्पल लावायची नसते. आजूबाजूचं टोकदार बाजूला सारायचं, कुशीवर वळवायचं, वेळ बघायची. स्वमग्न पोराला मागून अचानक धरलं तर त्याला तो हल्ला वाटतो, मग ते ओरबाडतं, आणि मग "मारका आहे" म्हणून त्याला बांधतात. आंधळ्याला आपण ओढायचं नाही, त्यानं आपलं कोपर धरायचं. आणि बहिरं पोर! त्याचे हात म्हणजे त्याची जीभ. १८८० साली इटलीत मिलान शहरात बहिऱ्यांच्या मास्तरांनी परिषद भरवून ठराव केला की खुणा बंद, तोंडानंच बोलायला शिकवा. पुढं कित्येक वर्षं गावोगावच्या शाळांत पोरांना हातांवर मारलं, हात बांधून बसवलं. ते काही गुंड नव्हते, शिकलेले, सज्जन मास्तर होते. भल्यासाठी करत होते.

हे हात लावण्याचं शिक्षण ज्याला आहे तो विशेष शिक्षक. १९९२ च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेच्या यादीत त्याचं नाव लागतं, गैरवर्तन केलं तर नाव काढता येतं. पण तसे मास्तर आहेत किती? सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली सांगितलं, प्राथमिकला दहा अपंग पोरांमागं एक, वरच्या वर्गांना पंधरांमागं एक. २०२५ च्या मार्चमध्ये पुन्हा बजावलं की पदं तरी जाहीर करा. आपल्या राज्यानं २०२४ मध्ये केंद्रशाळांसाठी ४८६० पदं मंजूर केली. एका केंद्रात गावं किती असतात ते मोजा, आणि एक मास्तर कितव्या दिवशी तुमच्या पोरापर्यंत पोचतो ते सांगा.

आता घरचं. माझा भाचा अकरा वर्षांचा. बोलत नाही. गावात म्हणतात डोक्यानं कमी. दार उघडं दिसलं की पळत सुटतो. बहीण आणि दाजी दिवाळीच्या आधी टोळीबरोबर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यात परततात. म्हणून पोरगं निवासी शाळेत. शाळेचं नाव घेणार नाही. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेलो तर दोन्ही मनगटांना वळ. दोरीचे, एकावर एक, जुने आणि नवे. मी गोदीत दोर वळतो, मला कुणी शिकवू नये तो कशाचा वळ आहे. काळजीवाहक म्हणाला, रात्री उठून पळतो, विहिरीत गेला तर? मुख्याध्यापक म्हणाले, एवढी माया असेल तर घेऊन जा घरी.

बहिणीला फडावर फोन केला. ती काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगतो. "गप बस भाऊ. त्यांनी काढून टाकलं तर मी कुठं ठिवू त्याला? हितं आनलं तर मलाबी बांधावंच लागतंय, कोपीच्या मेढीला. ट्रॅक्टर असत्यात, कोयतं असत्यात. मी काय हौसेनं बांधीन का?"

दोन रात्री मला झोप आली नाही. कारण ती खरं बोलत होती. कोपीच्या मेढीला बांधलेलं लेकरू तुम्ही बघितलंय, मीही बघितलंय. मग आईनं बांधलं तर चालतं आणि शाळेनं बांधलं तर गुन्हा का? मी सांगतो का. आई तिथं उसाच्या फडात एकटी आहे, उचल अंगावर आहे, मोळी बांधली नाही तर मुकादम शिव्या घालतो. तिच्याकडं दुसरा हात नाही. शाळेला दुसऱ्या हातासाठी अनुदान मिळतं. पोर पळतं म्हणून दाराला माणूस बसवायचा पगार मिळतो. तो माणूस नेमलाच नाही, आणि त्याच्या जागी दोरी नेमली. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेली २८ माणसं जागच्या जागी जळाली. तीही पळू नयेत म्हणूनच बांधलेली होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळदंडाला बंदी घातली, ती सोळा वर्षांनी.

मी अर्ज केला. चौकशी झाली. उत्तर आलं, तथ्य आढळलं नाही. चौकशी करणाऱ्यानं भाच्याचं मनगट बघितलं नाही, त्याला बोलावलंच नाही. बोलता येत नाही त्याला काय विचारायचं? कायदा वेगळं सांगतो. ज्याला बोलता येत नाही त्याची साक्ष खुणांनी, लिहून, दुभाष्याच्या मदतीनं घ्यायची आणि व्हिडिओ करायचा, हे २०१३ पासून साक्षीच्या कायद्यात आहे, २०२३ च्या नव्या कायद्यातही आहे. कोर्टात जे चालतं ते खात्याच्या चौकशीत का चालत नाही? मात्र त्या काळजीवाहकाला काढलं. तथ्य नाही तर काढलं का, हे मला अजून कळलं नाही. तो कोण होता? आपल्यातलाच. तुटपुंज्या पगारावर रात्रभर तीस-चाळीस पोरं एकट्यानं बघणारा. त्यानं बांधलं ते वाईटच, त्याला मी सोडत नाही. पण दोरी कुणी पुरवली, दुसरा माणूस कुणी नेमला नाही, हे विचारल्याशिवाय झालेली शिस्तभंगाची कारवाई म्हणजे वरच्यानं खालच्याच्या पाठीवर हात पुसणं.

आणि ही चौकशी असते तरी कशी? जिल्हा परिषदेचा मास्तर असेल तर १९६४ चे शिस्त आणि अपिलाचे नियम. खाजगी शाळेचा असेल तर १९७७ चा कायदा आणि १९८१ चे नियम. खाजगीची चौकशी समिती तिघांची. एक संस्थेचा माणूस. एक आरोप असलेल्या मास्तरनं नेमलेला. तिसरा पुरस्कारप्राप्त शिक्षक, तोही संस्थेच्याच कारभाऱ्यानं निवडलेला. तिन्ही खुर्च्या भरल्या. लेकराच्या बाजूची खुर्ची कुठं आहे? मास्तरला बचावाची संधी मिळाली पाहिजे, मी कामगार आहे, विनाचौकशी काढणं काय असतं ते मला माहीत आहे. त्याच्या हक्काला माझा विरोध नाही. पण मालक आणि नोकर यांच्या भांडणासाठी बनवलेल्या खोलीत ज्याला मार बसला त्याला दाराबाहेर उभं करतात. आणि सरकारी मास्तरचं बहुतेक वेळा काय होतं तर बदली. एका गावाच्या पोरांची सुटका, दुसऱ्या गावाच्या पोरांच्या नशिबी तो हात. त्याला शिक्षा म्हणतात!

हे एकट्या आपल्या जिल्ह्याचं नाही. ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ कवडासला मतिमंद मुलांच्या वसतिगृहातले हाल २०१० मध्ये पेपरात आले तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं आपण होऊन याचिका दाखल करून घेतली. २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या बालगृहातल्या मतिमंद आणि मूकबधिर मुलींवरचे अत्याचार उघडे पडले. मार्च २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयानं दोषी ठरवून संस्थेच्या चालकाला फाशी सुनावली, पुढं उच्च न्यायालयानं ती दहा वर्षांवर आणली. अशा ठिकाणी वहीत काय लिहिलेलं असतं? जेवण दिलं, औषध दिलं, सर्व ठीक. सगळीकडं हेच लिहिलेलं असतं.

म्हणून मी वहीवर येतो. अमेरिकेचं उदाहरण देतो, त्यांची तारीफ म्हणून नाही. तिथंही तेच चालतं. त्यांच्याच शिक्षण खात्याचा २०१७-१८ चा आकडा आहे, शाळेत शंभरात तेरा पोरं अपंग, पण धरून-दाबून ठेवलेल्या शंभरात ऐंशी अपंग. शिकागोच्या इलिनॉय राज्यात शाळा पोरांना खोलीत कोंडायच्या. पण कायद्यानं प्रत्येक वेळेचा कागद करायला लावला होता. पत्रकारांनी ते कागद मिळवले, दीड वर्षाच्या आतले वीस हजारांवर प्रसंग निघाले, मास्तरांच्याच अक्षरात, पोर काय म्हणून रडत होतं त्यासकट. नोव्हेंबर २०१९ मध्ये छापून आलं आणि दुसऱ्याच दिवशी राज्याला कोंडण्यावर बंदी घालावी लागली. आपल्याकडं ही बातमी होऊच शकत नाही. कारण कागदच नाही.

तर अर्ज तयार आहे, जिल्हा परिषदेला आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांना. त्यात लिहिलंय की जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांत, जिथं अपंग लेकरू शिकतं त्या प्रत्येक शाळेत एक वही ठेवा. लेकराला जबरीनं धरलं, बांधलं, कोंडलं, ओढलं, की त्याच दिवशी त्यात तारीख, वेळ, कुणी, का, कुणी बघितलं, अंगावर खूण आहे का, हे लिहायचं आणि त्याच दिवशी घरी फोन करायचा. आईबाप फडावर असले तर फडावर. बांधायला कायद्यानं मुभा आहे असा त्याचा अर्थ नाही, ते लिहून ठेवलं म्हणजे गुन्ह्याचा पुरावा राहील, एवढाच. चौकशीत लेकराच्या बाजूनं एक माणूस आणि खुणांची भाषा जाणणारा एक माणूस बसवा. तक्रार असलेल्याची बदली करू नका, निकाल लागेपर्यंत त्याला पोरांपासून लांब बसवा. रात्रपाळीला दोन माणसं नेमा. आणि तक्रार केली म्हणून एकाही लेकराचं नाव शाळेतून कमी होणार नाही, हे लेखी द्या. हे शेवटचं माझ्या बहिणीनं सांगितलंय. तिचं म्हणणं, हे एक दिलं तरी निम्म्या बाया उद्या तोंड उघडतील.

अर्ज त्या टेबलावर आहे. सहीला पेन आहे, अंगठ्याला शाई आहे. टोळ्या निघायच्या आत सगळ्यांचं झालं पाहिजे, नंतर गावात म्हातारी माणसंच राहतात. ज्यांचं लेकरू आत्ता निवासी शाळेत आहे त्यांनी भीती वाटत असेल तर सही करू नका, नुसतं गाव सांगा. त्यांच्या जागी मी माझं नाव लिहितो.